पार्बताबाईच्या गोळ्यांची राखण

रुख्मिणीआक्का अमरावतीहून अकोटला माहेरी यायची म्हटलं की पार्बताबाईला हुडहुडी भरते, अशी भगवंताच्या घरात एक चेष्टा होऊन बसली होती. ती भगवंतानेच काढलेली. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला थोरली बहीण आणि मधे आपण, असं बसून ती पुन्हा पुन्हा सांगण्यात त्याला मोठं सुख वाटे. गेल्या गणपतीत आक्का आली आणि पार्बताबाई तापाने फणफणली. संक्रांतीला आली, पुन्हा तेच. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्का एसटीतून उतरून, पिशव्या सावरत दारात उभी राहिली, तेव्हा बाहेर असं ऊन होतं की गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओलीत पडून होती; आणि घरात पार्बताबाई दोन गोधड्या अंगावर घेऊन दात वाजवत होती.

"मी आली अन् तू झोपली," आक्का म्हणाली.

"आक्का, खराच ताप हाये वो," गोधडीतून आवाज आला.

"खोटा कोन म्हनते? फक्त तुह्या तापाले माह्या गाडीचा टाइम कसा समजते, एवढंच इचारतो."

भगवंत मोगऱ्याच्या करंड्या बांधता बांधता खो खो हसला. आक्काही हसली, पण जरा उशिरा. गोधडीच्या फटीतून पार्बताबाईला ते दिसलं आणि तापातही तिला वाईट वाटलं. नणंद म्हणून आक्काचा जाच थोडाथोडका नव्हता. स्वयंपाकघरात शिरली की डब्यांची झाकणं उघडून वास घ्यायची, तिखटाचा रंग पाहून नाक मुरडायची. पण म्हणून तिला पाहून ताप यावा, इतकं काही पार्बताबाईच्या मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघंही सरकारी दवाखान्यात गेली. आक्काला कुणी चल म्हटलं नव्हतं. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी तायडे वयाने लहान, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. रक्त तपासलं. मलेरिया निघाला.

"व्हायव्हॅक्स आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्यांदा ताप आला तेव्हा काय घेतलं होतं?"

"दुकानातून गोया आनल्या होत्या," पार्बताबाई म्हणाली.

"आणि संक्रांतीला तुम्ही माझ्याकडे आला होता. तापाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, अकोल्याला एक रक्ततपासणी करून या, मग पुढच्या गोळ्या देते. आलाच नाहीत."

पार्बताबाईने पदर तोंडाशी नेला. "ताप उतरला होता ना मॅडम. म्हटलं, उतरल्या तापाचं काय तपासायचं?"

"मले तं म्हने इलाज पुरा झाला!" भगवंत म्हणाला.

"मले बी तसंच म्हने," आक्का म्हणाली, आणि बहीणभावांनी मिळून पार्बताबाईकडे असं पाहिलं की तिला पुन्हा गोधडी आठवली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तापाच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात, पण या जातीचे काही जंतू लिव्हरमध्ये दडी मारून बसतात. कधी दोन महिन्यांनी, कधी चार-सहा महिन्यांनी ते जागे होतात आणि डास न चावताही माणूस पुन्हा तापाने पडतो. त्या दडलेल्यांना मारायची गोळी वेगळी असते.

आक्का खुर्चीत पुढे सरकली. "म्हंजे कोनाच्या येन्यानं ताप येत नाई?"

"कोणाच्या येण्यानं?" डॉक्टरांना काही कळेना.

भगवंत भिंतीवरचं डासांचं चित्र मन लावून पाहू लागला.

"नाई, इचारलं आपलं," आक्का म्हणाली. "जरा जोरात सांगा मॅडम. याले कमी ऐकू येते."

डॉक्टर हसल्या आणि पार्बताबाईकडे वळल्या. "ही गोळी गरोदरपणात चालत नाही. दिवस गेलेले नाहीत ना?"

पार्बताबाईच्या पोरीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. ती लाजून खाली पाहू लागली, भगवंत कानापर्यंत लाल झाला आणि उत्तर आक्कानेच दिलं, "नाई वो बाप्पा! यायच्या घरी आता नातू यायची येळ झाली."

"विचारावंच लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ती रक्ततपासणीही करावीच लागते. जी-सिक्स-पीडी म्हणतात तिला. काहींच्या रक्तात जन्मापासून एक द्रव्य कमी असतं. एरवी काही त्रास नसतो, माणसाला पत्ताही नसतो. पण त्यानं ही गोळी घेतली, तर रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. तोवर तापाच्या गोळ्या सुरू करा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आक्का म्हणाली, "रोग समजला, गोयी समजली, आता रक्ताले इचारायचं का बाई, तुले गोयी पसंत हाये का?"

"सोयरीक जमवतो तसंच हाये ते आक्का," भगवंत म्हणाला. "पोरगा बी चांगला, पोरगी बी चांगली, पन जोडा जमला पायजे का नाई?"

या वेळी पार्बताबाईने टाळाटाळ केली नाही. ताप उतरल्यावर भगवंताने तिला फुलांच्या करंड्यांसोबतच अकोल्याला नेलं, जठारपेठेतल्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट चांगला आला. जोडा जमला होता.

डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. रोज एक, पोटभर जेवल्यावर, एकही दिवस न चुकवता. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी तिथेच थांबवायची आणि लगेच यायचं. "आणि या गोळ्या फक्त यांच्या. घरात दुसऱ्या कोणालाही द्यायच्या नाहीत."

सगळ्यांत जोरात मान हलवली ती आक्काने.

खरं तर ती आखाजी करून परत जाणार होती. पण घरी येताच तिने गोळ्यांची पाकिटं आपल्या पिशवीत टाकली आणि जाहीर केलं, "हे बाई उतरल्या तापाले इसरून जाते. सगळ्या गोया हिच्या पोटात गेल्याशिवाय मी इथून हालत नाई."

पार्बताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. भगवंत म्हणाला, "बरंच झालं," आणि मळ्यात पळाला.

मग राखण सुरू झाली. दुपारचं जेवण झालं की आक्का हातात एक गोळी आणि तांब्या घेऊन समोर उभी राही. आधी विचारी, भाकर किती खाल्ली. अर्धी म्हटलं की आणखी चतकोर ताटात पडे. गोळी गिळली की हुकूम सुटे, "आं कर." पार्बताबाई आं करी. "जीभ उचल." ती जीभ उचली. शेजारची मैनाबाई एकदा ताक मागायला आली आणि हा सोहळा पाहून दारातच थबकली. आक्काने तिलाही सोडलं नाही. उपाशीपोटी गोळी घेतली तर पोटात आग पडते, मधेच सोडली तर जंतू दुप्पट चिडून उठतात, असं तिने मैनाबाईला सुनावलं. त्यातलं पहिलं डॉक्टरांचं होतं. दुसरं आक्काचं स्वतःचं.

"गोयी तं सोपी हाये," रात्री पार्बताबाई भगवंताला म्हणाली, "पन तिच्यासंगं आक्का गियावी लागते."

"जेवल्यावर घेत जा," भगवंत म्हणाला. "म्हंजे बाधत नाई."

दिवस जात होते. पार्बताबाईला बरं वाटू लागलं, तोंडाला चव आली. ती पहाटे उठून मोगरा तोडायला जाऊ लागली. घरात वर्षभराच्या कुरडयांचा गहू भिजत पडला होता. आक्काने तोही ताब्यात घेतला आणि चीक कसा आटवावा यावरून दोघींचं रोज वाजू लागलं.

ते वाजणं एक दिवस अचानक थांबलं. पार्बताबाईने चिकात मुद्दाम मीठ जास्त टाकलं, तरी आक्का काही बोलली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली.

"आक्का, बरं नाई का?"

"ऊन लागलं असन."

दुपारभर ती धन्याचं पाणी पीत होती. उन्हाळी लागली म्हणाली, लघवीला त्रास होतो म्हणाली. मे महिन्यात आमच्याकडे निम्म्या गावाला उन्हाळी लागलेली असते, त्यामुळे पार्बताबाईने आणखी एक तांब्या धने भिजत घातले आणि विषय संपवला. पण गोळीची वेळ झाली तरी आक्का उठली नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "पिशवीतून घे आज तुह्या हातानं. मले उठवत नाई."

पार्बताबाईने पिशवीत हात घातला. एक पाकीट सगळं रिकामं होतं. दुसऱ्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. तिने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. आठच दिवस झाले होते, सहा उरायला हव्या होत्या. एवढ्या कशा संपल्या? पहिल्यांदा तिला वाटलं, आक्काने राखणीच्या उत्साहात आपल्याला दोन-दोन तर चारल्या नाहीत? पण रोज तर हातावर एकच गोळी असायची. मग वाटलं उंदीर. पण उंदीर गोळ्या नेईल, तर पाकीट असं बोटाने दाबून नीट फोडेल कशाला?

ती पाकीट हातात घेऊन बाहेर ओसरीवर आली. आक्का तिथे खाटेवर उजेडात पडली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा होता.

"आक्का," ती खाटेजवळ बसली. "उन्हाळी म्हनता, पन लघवी कशी होऊन राहिली?"

"कशी म्हंजे?"

"कोऱ्या च्यासारखी?"

आक्काने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माह्या गोया तुमी खाल्ल्या?"

भिंतीकडेच पाहत आक्का म्हणाली, "रोज एकच खाल्ली. जेवल्यावर."

पार्बताबाईला हसावं की रडावं कळेना. तिने भगवंताला फोन लावून बोलावलं आणि दोघांनी मिळून आक्काला दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्रियदर्शनींनी आक्काचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" आणि आक्काने चार बोटं दाखवताच अॅम्ब्युलन्स बोलावून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत चढताना आक्काला धाप लागली होती, तरी ड्रायव्हरला तिने बजावलं, "भोंगा वाजवू नोको बाबू. लोक म्हनतीन म्हातारी गेली."

भगवंत पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. पार्बताबाई मागे आक्काचा हात धरून बसली होती. हात गार होता. तिने मनातल्या मनात चिकातल्या जास्तीच्या मिठाबद्दल माफी मागितली.

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त गेलं तपासायला. हिमोग्लोबिन बरंच खाली आलं होतं. डॉक्टर दर काही तासांनी पुन्हा तपासत होते. आणखी उतरलं तर रक्त चढवावं लागेल म्हणाले. गोळी बंद झाली होती, आता फुटलेल्या पेशींची घाण लघवीवाटे निघून जाईपर्यंत किडनी सांभाळायची, पाणी द्यायचं आणि वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी उतरण थांबली. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग निवळला. रक्त चढवायची पाळी आली नाही.

रंग निवळला त्या दिवशी आक्काने शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्यातल्या वरणाला नाव ठेवलं. तेव्हा भगवंत उठून बाहेर गेला आणि डोळे पुसून, दोन चहा घेऊन आत आला.

"आक्का, एक सांग," तो म्हणाला. "तुले ताप नव्हता, थंडी नव्हती. मलेरियाची तपासनी केली इथं, तेबी काई नाई निघालं. मंग गोया खाल्ल्या काऊन?"

"पार्बताले डास चावले, मले नसतीन चावले का त्या घरात? म्हटलं आधीच पक्कं करून ठेवावं."

"मॅडमनं तुह्यासमोर सांगतलं होतं, दुसऱ्यानं घ्याच्या नाई."

"मी दुसरी हावो का?" आक्का म्हणाली, आणि आपलं बोलणं तिलाच पटलं नाही. ती चादरीची किनार चिमटीत धरून ओढत राहिली. "अमरावतीले मी एकटी रायतो, भगवंता. पोरगा पुन्याले. हिच्यावानी थंडी भरली तं मले गोधडी कोन टाकन अंगावर? पानी कोन देईन? हिचे हाल पाह्यले अन् भेव वाटलं. म्हटलं दोन-चार गोया पोटात असल्या तं बरं."

पार्बताबाईने चहाचा कप आक्काच्या हातात दिला, आणि ती कप तोंडाला लावणार तोच म्हणाली, "आं करा."

"काऊन?"

"आनखीन काई लपवलं असन तोंडात तं पाहू द्या."

आक्का हसली, इतकी, की सलाईनची नळी हलली आणि नर्स ओरडली.

सुटी व्हायच्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. ते द्रव्य कमी असणं पुरुषांत जास्त दिसतं, बायकांत कमी, पण दिसतं. आत्ताच पेशी फुटून गेल्या आहेत, त्यामुळे आत्ताची तपासणी फसवी निघू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर आपल्यात ते कमीच आहे असं धरून चालायचं आणि कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी गोळी घेण्याआधी हे सांगायचं. उद्या खरंच मलेरिया झाला तरी इलाज आहे, फक्त तो डॉक्टरांच्या नजरेखाली वेगळ्या पद्धतीने होईल. "आणि हे आईबापांकडून येतं," ते म्हणाले. "त्यामुळे मुलाची तपासणी करा. आणि भाऊ कोण? तुम्ही? तुम्हीही करून घ्या."

भगवंत सुईला फार भितो, हे घरात पार्बताबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता लॅबमधल्या सगळ्यांना झालं. रिपोर्टमध्ये त्याच्यातही ते द्रव्य कमीच निघालं. "म्हंजे याले बी गोयी पसंत नाई," आक्का समाधानाने म्हणाली.

राहिला प्रश्न पार्बताबाईच्या गोळ्यांचा. आक्काच्या धावपळीतही उरलेल्या दोन तिने वेळच्या वेळी घेतल्या होत्या. त्या संपल्या त्याच दिवशी तिने भगवंताला अकोटला पाठवलं, आणि डॉक्टर प्रियदर्शनींनी आधी त्याला चांगलं झापून मग कमी पडलेल्या गोळ्या दिल्या. त्या मात्र पार्बताबाईने स्वतः कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि एकही दिवस न चुकवता, जेवून, शेवटपर्यंत घेतल्या. तिच्यासमोर कुणी तांब्या घेऊन उभं राहिलं नाही. एक-दोनदा तिला चुकल्या-चुकल्यासारखंही झालं. त्यानंतरचे गणपती आले आणि गेले, पार्बताबाईच्या अंगात कणकणसुद्धा आली नाही.

पण ते पुढचं. आक्काला थोडी ताकद आली तेव्हा तिने अमरावतीला जायचं काढलं. पार्बताबाईने न विचारता स्वतःचीही पिशवी भरली.

"मी येतो तुमच्यासंगं. पंधरा दिस रायतो."

"मळा? मोगरा?" भगवंत म्हणाला.

"तुमाले तोडता येते ना? स्वयंपाक तेवढा मैनाबाईले इचारून करा."

अमरावतीला आक्काची खोली चाळीच्या पहिल्या मजल्यावर होती. लग्नाला इतकी वर्षं होऊन पार्बताबाई तिथे मुक्कामाला पहिल्यांदाच गेली होती. खोलीत एक खाट, एक शेगडी, खिडकीत तुळस, आणि टीव्हीला घातलेलं विणलेलं आवरण. पहिल्या संध्याकाळी आक्का पडून होती तेव्हा पार्बताबाई चाळीतल्या दारोदार फिरली. प्रत्येक घरी ओळख करून घेतली, नंबर घेतले, आपला नंबर दिला. शेजारच्या देवमन मास्तरांना तिने सांगितलं, सकाळी नऊपर्यंत आक्काचं दार उघडलं नाही, तर वाजवत जा.

दुसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या. खाटेभोवती बसून विचारू लागल्या, काय झालं होतं, एवढं कशाने झालं. पार्बताबाई आतल्या बाजूला पोहे परतत होती. तिने कान दिला.

"काई नाई वो," आक्का सांगत होती. "माहं रक्तच येगळं हाये. अकोल्याचे मोठे मोठे डॉक्टर पाहायले आले होते. म्हने, आजी, असं रक्त सगळ्याइचं नसते."

"अगं बाई!" बायका म्हणाल्या.

"आता कोन्या दवाखान्यात गेली तं आधी मले इचारल्याशिवाय गोयी देता येत नाई कोनाले."

पार्बताबाईने पोह्यांवर कोथिंबीर टाकली. बाहेर जाऊन खरं काय ते सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण आक्काचा आवाज कितीतरी दिवसांनी असा खणखणीत लागला होता. तिने बशा भरल्या आणि पाहुण्या बायकांना पोहे द्यायला बाहेर गेली.